अंतराळवीर तरंगतात ते गुरुत्वाकर्षण नसल्यामुळे नव्हे : पुण्यातील विज्ञान शिक्षकांना आणि प्रदर्शनांच्या परीक्षकांना खुले पत्र

प्रति,
पुणे शहर व जिल्ह्यातील शाळांचे विज्ञान शिक्षक आणि शालेय विज्ञान प्रदर्शनांचे परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

हिवाळा आला की आपल्याकडे विज्ञान प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. आधी शाळेचे, मग तालुक्याचे, मग जिल्ह्याचे, असे करत तो २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनापर्यंत चालतो. मी बरीच वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतरही परीक्षक म्हणून प्रदर्शनांना जाते. २०२५ च्या उन्हाळ्यात शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाऊन आले, तेव्हापासून मी पाहिलेल्या बहुतेक प्रदर्शनांत स्थानकाची प्रतिकृती असतेच. पुठ्ठा, चंदेरी कागद, सौर पॅनेलच्या जागी निळा घोटीव कागद, आणि आत दोऱ्याला टांगलेला इवलासा अंतराळवीर. मुलांनी त्यात जीव ओतलेला असतो. आणि प्रतिकृतीखाली सुवाच्य अक्षरांत एक वाक्य असते : ‘येथे गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून अंतराळवीर तरंगतात.’

मूल ते वाक्य न अडखळता म्हणून दाखवते. आपण मान डोलावतो, गुण लिहितो आणि पुढच्या टेबलाकडे जातो. हे वाक्य चूक आहे, आणि आपण मान डोलावली की ते त्या मुलाच्या डोक्यात कायमचे पक्के होते. म्हणून हे पत्र.

आधी अंतर पाहू. स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किमी उंचीवर फिरते. पुण्याहून गोव्याला रस्त्याने जाताना आपण याहून जास्त अंतर कापतो. शाळेत असतो तसा ३० सेंटीमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घेतला, तर त्या मापाने स्थानक गोलाच्या पृष्ठभागापासून एक सेंटीमीटरहूनही कमी उंचीवर येते. चंद्र त्याच मापाने नऊ मीटर दूर, म्हणजे बहुधा वर्गाच्या भिंतीपलीकडे. मुलांना गोलावर बोट आडवे ठेवायला सांगा आणि ‘स्थानक एवढ्या उंचीवर आहे’ म्हणून सांगा. आख्ख्या पृथ्वीची ओढ बोटाच्या जाडीत संपून जात असेल, हे मग त्यांचे त्यांनाच पटत नाही.

आता आकडा. पृथ्वीची ओढ आपण तिच्या केंद्रापासूनच्या अंतरावर मोजतो, जमिनीपासूनच्या उंचीवर नव्हे. जमिनीवर असताना आपण केंद्रापासून ६,३७१ किमीवर असतो, स्थानक ६,७७१ किमीवर. या दोन आकड्यांच्या गुणोत्तराचा वर्ग केला की उत्तर येते : गुरुत्व त्वरण, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जेवढा वाढतो ते, जमिनीवर ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग असते, तिथे सुमारे ८.७. म्हणजे साधारण अकरा टक्के कमी, बाकी सगळे शाबूत. समजा, ४०० किमी उंचीचा मनोरा बांधता आला आणि त्याच्या टोकावर वजनकाटा ठेवून ६० किलोचा माणूस उभा राहिला, तर काटा ५३ किलो दाखवेल. तो माणूस तरंगणार नाही. त्याच्या हातातले पेन सुटले तर ते त्याच्या पायाशी पडेल. आणि त्याच वेळी त्याच्या डोळ्यांसमोरून सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने स्थानक निघून जाईल, ज्याच्या आत माणसे तरंगत असतील. जागा तीच, पृथ्वीची ओढ तीच. एकजण काट्यावर उभा आहे आणि बाकीचे तरंगत आहेत. फरक जागेचा नाही, हालचालीचा आहे.

आणि हे आपल्या पाठ्यपुस्तकात आहे! दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १’चा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. त्यात अंतराळातील वजनरहित अवस्थेबद्दल स्पष्ट लिहिले आहे की स्थानकात गुरुत्व त्वरण शून्य नसते, ते जमिनीपेक्षा फक्त ११ टक्क्यांनी कमी असते, आणि तरंगण्याचे कारण उंची नसून मुक्त पतन आहे. हे पुस्तक बालभारतीचे, म्हणजे याच शहरात तयार झालेले. तो परिच्छेद आपण वर्गात वाचतो, मुले परीक्षेत लिहितात. प्रतिकृतीखाली मात्र बातम्यांतून आणि व्हिडिओंतून कानांवर पडलेले वाक्य चिकटवले जाते. दोन्ही एकाच डोक्यात सुखाने नांदतात, कारण दोन्ही एकमेकांसमोर उभी करायची वेळ आपण त्या मुलावर कधी आणत नाही.

ती वेळ आणायला एक प्रश्न पुरतो. ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसेल, तर स्थानक पृथ्वीभोवती फिरते कशामुळे?’

मी हा प्रश्न विचारते तेव्हा मूल आधी गप्प होते. ती शांतता मला फार मोलाची वाटते, ती घाईने भरून काढू नये. गुरुत्वाकर्षण खरोखरच नसते, तर स्थानक ज्या दिशेला चालले होते त्या दिशेला सरळ रेषेत निघून गेले असते आणि दीड तासात ४१ हजार किमी लांब पोहोचले असते. प्रत्यक्षात तेवढ्याच वेळात ते पृथ्वीला एक फेरी घालून जवळजवळ त्याच ठिकाणी येते. त्याला सरळ रेषेतून सतत वळवणारी एकच गोष्ट तिथे आहे, ती म्हणजे पृथ्वीची ओढ. ज्या बलाच्या जोरावर स्थानक आपल्याभोवती आहे, तेच बल तिथे नसते असे आपण मुलांना सांगतो आहोत.

मग माणसे तरंगतात का? ती पडत आहेत म्हणून. याचे सर्वांत सुंदर चित्र अजूनही न्यूटनचेच आहे. मी ते आपल्या ओळखीच्या जागी नेते. सिंहगडाच्या कड्यावरून आडवा दगड फेकला तर तो पायथ्याशी कुठेतरी पडेल. अधिक जोराने फेकला तर अधिक दूर पडेल. आता हवेचा आणि मधल्या डोंगरांचा अडथळा नाही असे समजा आणि वेग वाढवत न्या. दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येतोच, आडवा वेग कितीही असो. पण पृथ्वी गोल आहे. सुमारे ७.९ किमी पुढे गेल्यावर तिचा पृष्ठभागही सरळ रेषेपासून ४.९ मीटर खाली गेलेला असतो. म्हणजे सेकंदाला ७.९ किमी वेगाने फेकलेला दगड पडत राहील आणि जमीन तेवढीच त्याच्याखालून वाकत राहील. तो पडायचा थांबणार नाही, आणि जमिनीवर कधी पोहोचणारही नाही. स्थानकाच्या उंचीवर आकडे थोडे बदलतात : सेकंदाला सुमारे ७.७ किमी पुढे आणि ४.३ मीटर खाली. बस्स, एवढेच. कक्षा म्हणजे याहून गूढ काही नाही.

स्थानक पडते आहे, त्यातली माणसे पडत आहेत, पेन, पाण्याचा थेंब, सगळे सेकंदाला तेवढेच पडते आहे. पायाखालची लादी माणसाच्या आधीही पोहोचत नाही आणि नंतरही नाही, म्हणून ती पायाला दाबत नाही. वजनकाटा तरी काय मोजतो? पृथ्वीची ओढ तो थेट मोजूच शकत नाही. आपण त्याच्यावर किती दाबतो आणि तो आपल्याला किती उलट दाबतो, एवढेच त्याला कळते. सोसायटीच्या लिफ्टमध्ये काटा नेऊन पाहा. लिफ्ट खाली निघताना क्षणभर एक मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे त्वरण असेल, तर ६० किलोच्या माणसाला काटा ५४ किलो दाखवतो. वरच्या मनोऱ्यावर ५३ होते, इथे ५४. मनोऱ्यावर गुरुत्व खरोखर कमी होते. लिफ्टमध्ये ते कणभरही कमी झालेले नाही, फक्त आधार थोडा निसटला आहे. काट्याला हा फरक सांगता येत नाही, माणसाने डोके चालवावे लागते. आणि आधार पूर्ण निसटला, की काटा शून्यावर. स्थानकात तेच होते, फक्त तिथे ते क्षणभर न होता महिनोन्‌महिने होत राहते.

आता एक प्रयोग सांगते, ज्याला खर्च काही नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाशी बाजूला एक भोक पाडा, टोपण काढून टाका आणि पाणी भरा. धार लागते. बाटली पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सोडा (खाली कोणी नाही याची खात्री करून) आणि फोनवर स्लो मोशनमध्ये टिपा. हातातून सुटताच धार थांबते. पाणी बाटलीवर दाबत नाही, कारण दोघे सारखेच पडत आहेत. प्रयोग करण्याआधी मुलांना अंदाज लिहून ठेवायला सांगा. पुष्कळजण लिहितात की पडताना पाणी अधिक जोराने बाहेर येईल.

बहुतेक शिक्षक इथे थांबतात. कृपया थांबू नका. पुढचा भाग मला पहिल्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. आता मैदानात उभे राहून तीच बाटली वर फेका. बाटली हातातून सुटल्या क्षणापासून, म्हणजे ती वर जात असतानाच, धार थांबलेली दिसेल. वर जाताना, अगदी टोकावर असताना आणि खाली येताना, तिन्ही वेळा धार नाही. भौतिकशास्त्रात पडणे म्हणजे खाली जाणे नव्हे. केवळ गुरुत्वाच्या ओढीखाली, दुसऱ्या कशाचाही आधार न घेता हालणे म्हणजे पडणे. वर फेकलेली बाटलीही पडतेच आहे. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की ‘स्थानक पडते आहे तर जमिनीवर का येत नाही’ हा प्रश्न मुलांना तेवढा छळत नाही.

प्रदर्शनात ऐकू येणारी आणखी काही उत्तरे आहेत. ‘तिथे हवा नाही म्हणून’ हे त्यातले एक. त्याला डेव्हिड स्कॉट यांनी १९७१ मध्ये, अपोलो १५ मोहिमेत, चंद्रावर उत्तर देऊन ठेवले आहे. त्यांनी एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून पीस एकाच वेळी सोडले. हवा नव्हती, तरी दोन्ही खाली पडली, आणि बरोबरच पडली. शिवाय स्थानकाच्या उंचीवर हवा पूर्ण संपलेलीही नसते. अतिविरळ हवेच्या घर्षणाने स्थानक हळूहळू खाली सरकत असते आणि त्याला अधूनमधून इंजिने चालवून वर ढकलावे लागते.

दुसरे उत्तर अधिक चलाख आहे, आणि ते सहसा हुशार मुले देतात : ‘पृथ्वीची ओढ आणि केंद्रोत्सारी बल एकमेकांना संपवतात, म्हणून तिथे गुरुत्व शून्य होते.’ स्थानकाबरोबर फिरणाऱ्या माणसाच्या चौकटीत बसून गणित मांडले तर केंद्रोत्सारी पद, म्हणजे बाहेरच्या दिशेने ढकलणारे एक मानीव बल, लिहावे लागते, हे खरे. पण शाळेच्या पातळीवर हे उत्तर स्वीकारू नये असे माझे ठाम मत आहे. बाहेरून पाहिले तर स्थानकावर संतुलन साधणारे दुसरे कोणतेच बल नाही. बले खरोखर संतुलित असती तर, न्यूटनच्याच पहिल्या नियमाने, स्थानक सरळ रेषेत गेले असते. वळते आहे, याचा अर्थच बल शिल्लक आहे.

या ‘संतुलना’च्या कल्पनेने आपल्या शहराशी नाते असलेल्या एका मोहिमेबद्दलही गैरसमज पसरवला आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते. आदित्य-एल१ हे सूर्याचा अभ्यास करणारे भारतीय यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी एल१ या बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचले. त्यावरची सूट ही अतिनील दुर्बीण आपल्या पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेत तयार झाली. मुले अभिमानाने तक्ते लावतात आणि त्यावर लिहितात : ‘एल१ बिंदूवर सूर्य आणि पृथ्वी यांची ओढ समान होऊन एकमेकींना रद्द करते.’ ऐकायला इतके सुटसुटीत वाटते की कोणी तपासत नाही. तपासून पाहू. एल१ आपल्यापासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किमीवर आहे. तिथे पृथ्वीची ओढ सूर्याच्या ओढीच्या साधारण चौतिसाव्या भागाएवढीच असते. रद्द होण्याचा प्रश्नच येत नाही. दोघांच्या ओढी जिथे खरोखर समान होतात ती जागा पृथ्वीपासून सुमारे २ लाख ६० हजार किमीवर आहे, म्हणजे चंद्राच्याही अलीकडे.

मग एल१चे वैशिष्ट्य काय? सूर्याच्या जवळ असणारी वस्तू एरवी पृथ्वीपेक्षा लवकर फेरी पूर्ण करते. एल१वर पृथ्वी मागून थोडीशी ओढते, सूर्याची ओढ तेवढीच कमी पडते, आणि यानाची फेरी बरोबर एका वर्षाची होते. म्हणून ते सतत पृथ्वी आणि सूर्य यांच्या मध्ये राहते. तेही पडतेच आहे, सूर्याकडे, पृथ्वीच्या पावलाला पाऊल जुळवून. सातवी-आठवीच्या मुलाला हे कळते. मी सांगून पाहिले आहे, आणि रद्द होण्याच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट त्याला जास्त आवडते.

भास्कराचार्यांचा उल्लेख पुष्कळ तक्त्यांवर असतो, असावाच. ११५० सालच्या सिद्धांतशिरोमणीत त्यांनी लिहिले की पृथ्वीत आकर्षणशक्ती आहे, आकाशातील जड वस्तू ती आपल्याकडे ओढते आणि त्या पडताहेत असे वाटते. त्याच श्लोकात पुढे ते विचारतात की आकाश सगळीकडून सारखेच असताना ही पृथ्वी स्वतः कुठे पडणार? तक्त्यांवर पहिला भाग लिहिला जातो आणि हा प्रश्न गाळला जातो. मला तर तोच अधिक मौल्यवान वाटतो, कारण त्याला आज उत्तर आहे. पृथ्वी सूर्याकडे पडते आहे. दर सेकंदाला ती सरळ रेषेपासून सुमारे ३ मिलिमीटर सूर्याकडे वळते. आपण तिच्याबरोबर तेवढेच पडतो.

याचा एक परिणाम काट्यावर दिसायला हवा होता आणि दिसत नाही. सूर्य ६० किलोच्या माणसाला साधारण ३६ ग्रॅम वजनाएवढा ओढतो. भर दुपारी तो डोक्यावर असतो, मध्यरात्री पायाखाली. पृथ्वी जागच्या जागी खिळलेली असती, तर दुपारी आपले वजन ३६ ग्रॅमने कमी आणि रात्री तेवढेच जास्त भरले असते. चांगल्या काट्याला हा फरक सहज कळला असता. पण कळत नाही, कारण पृथ्वी, काटा आणि आपण सगळे सूर्याकडे एकत्र पडतो आहोत. स्थानकातली माणसे पृथ्वीच्या ओढीबाबत ज्या अवस्थेत आहेत, त्याच अवस्थेत आपण सूर्याच्या ओढीबाबत जन्मापासून आहोत. सूर्याचे गुरुत्वाकर्षण पुण्यात नाही, असे मात्र कोणी म्हणत नाही.

आता खरा कस लागतो तो प्रश्न. ओढ अजिबात नसणे आणि ओढीखाली मुक्तपणे पडणे, या दोन गोष्टी आत बसलेल्या माणसाला वेगळ्या ओळखता येतील का? १९०७ मध्ये बर्नच्या पेटंट कचेरीत काम करत असताना आइनस्टाइनना सुचले की मुक्तपणे पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवणार नाही. आयुष्यातला सर्वांत आनंदाचा विचार म्हणून त्यांनी पुढे त्याचा उल्लेख केला, आणि व्यापक सापेक्षतेचा रस्ता तिथून सुरू झाला. छोट्याशा खोलीत, थोड्या वेळापुरते, हा फरक खरोखरच कळत नाही. म्हणूनच मुलांचा गोंधळ होतो यात मुलांचा दोष नाही. थोर माणसांनाही थांबून विचार करावा लागला असा हा विषय आहे.

पण खोली थोडी मोठी आणि वेळ थोडा अधिक असेल, तर फरक कळतो. समजा, स्थानकाच्या सगळ्या खिडक्या झाकल्या, पंख्यांची झुळूक बंद केली, आणि ज्या दिशेने स्थानक चालले आहे तिच्या डाव्या बाजूला एक मीटरवर एक चेंडू आणि उजव्या बाजूला एक मीटरवर दुसरा चेंडू अलगद सोडला. ओढ अजिबात नसलेल्या ठिकाणी ते जिथे सोडले तिथेच राहतील. कक्षेत मात्र ते हळूहळू एकमेकांकडे सरकू लागतील आणि साधारण २३ मिनिटांनी, म्हणजे पाव फेरीत, मध्यावर भेटतील. कारण प्रत्येक चेंडू पृथ्वीच्या केंद्राभोवती स्वतःच्या वर्तुळावर फिरतो आहे, ही दोन वर्तुळे एकमेकांशी किंचित तिरपी आहेत आणि कुठेतरी त्यांना छेदावेच लागते. पृथ्वीगोलावर दोन खडूंनी दोन किंचित तिरपी मोठी वर्तुळे काढून दाखवा, मुलांना लगेच दिसते. बाहेर न पाहता, फक्त दोन चेंडूंकडे बघत, ‘मी पृथ्वीभोवती पडतो आहे’ हे अंतराळवीर छातीठोकपणे सांगू शकेल. गुरुत्वाकर्षण तिथे लपलेले असते, गेलेले नसते.

आणि ते पूर्ण गेलेले असते अशी जागा? मला अशी एकही दाखवता येणार नाही. ओढ अंतराच्या वर्गाने घटते, पण शून्यावर कधी येत नाही. १९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर १ यान आज सुमारे अडीच हजार कोटी किमीवर आहे आणि सूर्य अजूनही त्याला कणाकणाने मागे ओढतो आहे. पृथ्वीच्या अगदी केंद्रात पृथ्वीची स्वतःची ओढ सर्व बाजूंनी सारखी होऊन शून्य होते खरी, पण सूर्य-चंद्रांची तिथेही पोहोचते.

कोणी म्हणेल, एवढ्या बारीक फरकाने काय बिघडते? बिघडते. स्थानकात हाडे महिन्याला एक ते दीड टक्का झिजतात, ज्योत लांबट न राहता गोल आणि निळसर होते, रक्त आणि पाणी डोक्याकडे सरकून चेहरा सुजतो. ‘गुरुत्व नाही’ म्हटले की यांतले काहीच नीट उलगडत नाही. ‘आधार नाही, एक वस्तू दुसरीवर दाबत नाही’ म्हटले की सगळे उलगडते : दाब नाही म्हणून हाडांना काम नाही, आणि गरम हवा वर जायला जो वर-खालीचा दाबाचा फरक लागतो तो नाही म्हणून ज्योत गोल. ज्या मुलाला कारण चुकीचे दिले, त्याला पुढचा प्रत्येक परिणाम पाठच करावा लागतो.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकलेले राकेश शर्मा १९८४ मध्ये अंतराळात गेले. त्याच प्रबोधिनीत शिकलेले शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये गेले. दोघेही ज्या रस्त्यांवरून गेले-आले, त्याच रस्त्यांवरच्या शाळांत ही मुले शिकतात. यांतले कोणी पुढे गगनयानाच्या कामात असेल, ही आशा मला भाबडी वाटत नाही. त्यांच्या हाती आपण अचूक गोष्ट द्यावी.

म्हणून माझ्या विनंत्या. परीक्षकांनी स्थानकाच्या प्रतिकृतीसमोर ‘मग ते फिरते कशामुळे’ हा प्रश्न गुण लिहिण्याआधी विचारावा आणि उत्तरासाठी थांबावे. मूल अडले तर त्याचे गुण कापू नयेत, चारचौघांत त्याला चूक ठरवू नये. विचार करून त्याने स्वतःचे वाक्य बदलले, तर सुबक प्रतिकृतीपेक्षा त्याला अधिक गुण द्यावेत. शिक्षकांनी दोरा काढून टाकायला लावावा. टांगलेला अंतराळवीर दोऱ्याच्या आधारावर आहे, आणि आधार नसणे हाच तर सगळा विषय आहे. त्याऐवजी प्रतिकृतीशेजारी भोक पाडलेली बाटली आणि वर फेकल्यावर टिपलेला व्हिडिओ ठेवावा. खालची पाटी अशी करता येईल : ‘स्थानक आणि त्यातली माणसे पृथ्वीच्या ओढीने एकत्र पडत आहेत, म्हणून ती तरंगतात.’ आणि विज्ञान दिनाला पाहुणे बोलावणाऱ्या मुख्याध्यापकांनी पाहुण्यांना हा मुद्दा आधी कळवावा, कारण पाहुण्यांचे वाक्य मुले आपल्या वाक्यापेक्षा जास्त दिवस लक्षात ठेवतात.

दोन चेंडूंचे गणित दहावीच्या मुलांपर्यंत कसे नेता येईल यावर मी काम करते आहे. शिक्षकांपैकी कोणी वर्गात पृथ्वीगोलावर ते करून पाहिले, तर मुले कुठे अडली हे मला ऐकायला आवडेल. बाटलीच्या प्रयोगासाठी कोणत्याही शाळेत, कोणत्याही माध्यमाच्या वर्गात यायला मी तयार आहे.

आपली,
भौतिकशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका
पुणे